सातवा पुरुष

वकिलाच्या घरी दुसऱ्यांच्या वंशावळी पुष्कळ असतात. स्वतःची बहुधा नसते. बालाघाटच्या दिवाणी न्यायालयात गेली वीस वर्षे मी वारसाहक्काचे दावे चालवीत आहे. दाव्याबरोबर जो वंशवृक्ष जोडावा लागतो त्याला आमच्याकडे कचेरीच्या बोलीत सजरा म्हणतात. असे शेकडो सजरे मी काढले असतील. पक्षकार समोर बसून बोटे मोजीत आज्या-पणज्यांची नावे सांगू लागतो आणि चौथ्या नावाशी हटकून अडखळतो. मग तो माझ्याकडे अशा काही नजरेने पाहतो, की पाचवे नाव वकिलाने आपल्या पदरचे घालावे. मी त्याला सांगतो, "आठवत नसेल तर लिहू नका. कोऱ्या जागेने दावा बुडत नाही, खोट्या नावाने बुडतो." हाच सल्ला गेल्या वर्षी मला माझ्या वडिलांना द्यावा लागला, आणि तो देणे पक्षकाराला देण्याइतके सोपे गेले नाही.

निमित्त एका दगडाचे झाले. आमचे मूळ गाव लांजीच्या बाजूला आहे. तेथे मारुतीच्या देवळासमोर पिंपळाचा पार आहे, आणि त्या पाराशी आमच्या मूळ पुरुषाच्या नावाने एक शिला बसवावी असे वडिलांनी ठरविले. ते निवृत्त मुख्याध्यापक. वय ऐंशीच्या घरात. पैसे त्यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून बाजूला काढले होते, पंचायतीची संमती घेतली होती, पाथरवटाला दसऱ्याची मुदत दिली होती. मजकूर तेवढा माझ्याकडे सोपविला. "चार ओळी. पण कायद्याच्या भाषेत नको," एवढीच त्यांची अट होती.

या मूळ पुरुषाला आमच्या घरात स्वारबाबा म्हणतात. माझ्यापासून वर मोजले तर ते सातवे. दसऱ्याला कोठीतली तलवार बाहेर निघते, तिला तेल लागते, झेंडूची माळ पडते, आणि वडील स्वारबाबांची कथा सांगतात. कथा अशी, की स्वारबाबा नागपूरकर भोसल्यांचे शिलेदार. सीताबर्डीच्या लढाईत ते इंग्रजांशी लढले, मांडीत गोळी घेऊन वैनगंगा उतरून आले, आणि त्या निष्ठेबद्दल भोसल्यांनी त्यांना आमचे गाव इनाम दिले. लहानपणी या कथेतल्या वैनगंगेला पूर असे. पुढे इतिहास वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की लढाई नोव्हेंबरातली, आणि नोव्हेंबरात आमच्या बाजूची वैनगंगा पुष्कळ ठिकाणी गुडघाभर पाण्यातून ओलांडता येते. मी हे वडिलांना कधी सांगितले नाही. कथेतला पूर ही काही दाव्याची बाब नव्हे.

कोकणातल्या आणि गोमंतकातल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बालाघाट म्हटले की त्यांना मराठवाड्यातली डोंगररांग आठवेल. आमचा बालाघाट निराळा. भंडारा, शिवनी आणि मंडला या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी १८६७ साली हा जिल्हा बनविला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. त्यामुळे आमची मराठी घरात, हिंदी कचेरीत, आणि पूर्वजांचे कागद कोठे सीमेच्या अलीकडे तर कोठे पलीकडे, अशी अवस्था आहे. गोव्यात कोमुनिदादींच्या दफ्तरांतून गावकारांची नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरली आहेत, देवळांच्या महाजनांच्या याद्या आहेत. कोकणातल्या घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. आमच्याकडे असे काही नाही. आमच्याकडे एक तलवार होती आणि एक कथा होती.

वकिलाच्या सवयीने मी आधी घटनास्थळी गेलो. सीताबर्डीचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातून मोजक्याच राष्ट्रीय दिवशी तो लोकांना पाहू देतात. प्रजासत्ताकदिनाच्या गर्दीत मी तेथे चढलो. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी या जागी गोळीबार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. तेव्हा येथे किल्ला नव्हता, दोन टेकड्या होत्या. एक मोठी, एक लहान. रेसिडेंट जेन्किन्सच्या रक्षणाला असलेली इंग्रजांची फौज दीड हजारांच्या आतली, समोर अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य तिच्या कितीतरी पट. सकाळी भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेरल्डने बंगाल रिसाल्याच्या तीन तुकड्या घेऊन भोसल्यांच्या स्वारांवर हल्ला चढविला, पुढे लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, आणि पारडे फिरले. इंग्रजांकडचे मेलेले व जखमी मिळून साडेतीनशेच्या वर होते. स्वारबाबा असलेच तर फिट्झजेरल्डच्या समोर असले पाहिजेत. कारण भोसल्यांचे घोडदळ तिकडे, खालच्या मैदानात होते. आज तेथे रहदारी आहे आणि कपड्यांची दुकाने आहेत.

एका गोष्टीने मी त्या टेकडीवर बराच वेळ रेंगाळलो. इंग्रजांच्या बाजूने मद्रासेच्या दोन पलटणी होत्या. त्यांतली एक चोविसावी. ही मूळची पहिली पलटण. १८०६ साली वेलोरला शिपायांनी बंड केले, त्यानंतर तिचा जुना क्रमांक काढून घेण्यात आला होता. सीताबर्डीचा पराक्रम झाल्यावर काय हवे असे विचारण्याची वेळ आली, तेव्हा त्या शिपायांनी आपला जुना क्रमांक परत मागितला, आणि तो मिळाला. माणसे एका आकड्यासाठी एवढी झुरतात! जिंकणाऱ्याच्या पदरी असलेल्या शिपायाला निदान मागायला जागा असते. सीताबर्डीनंतर पाचच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावला लढाई झाली. तेथल्या स्तंभावर कंपनीच्या पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांच्या वंशजांना ती बोटाने दाखविता येतात. अर्थात जिंकणाऱ्याकडेही हा न्याय सर्वकाळ टिकला असे नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक उभारले, त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे आहेत आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणीवार आकडे. हे वागणे विषम होते असे ज्या आयोगाकडे या स्मारकांची व्यवस्था आहे त्यानेच २०२१ च्या अहवालात मान्य केले. शंभर वर्षांनी का होईना, कबुली तरी आली. भोसल्यांच्या स्वारांच्या बाबतीत कबुली द्यायला कोण उरले आहे?

असो. नाव दगडावर सापडले नाही, म्हणून मी कागदांकडे वळलो. लढणाऱ्या माणसाचा माग शेवटी जमिनीत लागतो, हा माझा धंद्यातला अनुभव आहे. तलवारीची नोंद कोणी ठेवीत नाही, साऱ्याची सर्वजण ठेवतात. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८६० च्या दशकात आमच्या मुलखात पहिला पक्का बंदोबस्त झाला. त्या मिसलीत मला सहावा पुरुष, म्हणजे स्वारबाबांचा मुलगा, सापडला. कागद स्पर्श करताच तुटेल असा. शाई तांबूस झालेली. वडिलांच्या नावाच्या रकान्यात स्वारबाबांचे नाव स्पष्ट होते. मी उभ्या उभ्या हात जोडले, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याच ओळीत पुढे मालकीचा प्रकार होता: मालिक मकबुजा. आमच्या मध्यप्रांतात मालगुजार हा गावाचा धनी, आणि ज्यांची जुनी वहिवाट होती अशा काही कास्तकारांना इंग्रजांनी आपापल्या शेतापुरते मालक मानले. ते मालिक मकबुजा. म्हणजे आमच्याकडे गाव नव्हते, इनामही नव्हते. चार शेते होती. गावाचा मालगुजार भलताच कोणी होता.

हे मी वडिलांना भीतभीतच सांगितले. ते म्हणाले, "गाव पुढे कोणी लुबाडले असेल." मी गप्प राहिलो. लुबाडण्याचा पुरावा नसेल तर लुबाडले नाही असे मानावे लागते, हे त्या वेळी बोलण्यासारखे नव्हते. आई तेव्हा आजारी होती.

त्याच थंडीत आई गेली. तिच्या अस्थी घेऊन मी आणि धाकटा भाऊ प्रयागला गेलो. संगमाच्या वाळवंटात तीर्थोपाध्यायांची निशाणे लागलेली असतात. कोणाचे मासोळीचे, कोणाचे नारळाचे. निशाण पाहून यात्रेकरू आपल्या उपाध्यायाकडे जातो. आमच्या उपाध्यायांनी आधी जिल्हा विचारला. बालाघाट म्हटल्यावर वहीत काही निघेना. मग मला सुचले आणि मी भंडारा म्हटले, लांजी म्हटले. लाल कापडात गुंडाळलेली, लांबट पानांची दुसरी वही निघाली. पाने उलटीत ते आमच्या गावापाशी थांबले. आजोबांची सही होती. पणजोबांची होती. आणखी मागे, अगदी कडेला, मोडीत लिहिलेल्या पाच ओळी होत्या. त्या मला वाचता येईनात. मोबाईलवर त्यांचे छायाचित्र घेतले, आईचे नाव त्याच वहीत नव्या पानावर लिहिले, आणि परत आलो.

नागपूरला मोडी जाणणारे एक वृद्ध शिक्षक आहेत. त्यांनी भिंग लावून त्या ओळी वाचल्या आणि मला पुन्हा पुन्हा विचारले, "तुम्हांला हे ठाऊक होते ना?" मला ठाऊक नव्हते. त्या पाच ओळींचा अर्थ असा होता: स्वारबाबा हे बारगीर, सीताबर्डीवर पडले, पोटी संतान नव्हते, त्यांच्या स्त्रीने आपल्या भावाचा मुलगा दत्तक घेतला असून त्याला घेऊन ती त्रिवेणीच्या स्नानाला आली आहे. शके १७५२. म्हणजे १८३० साल, लढाईनंतर तेरा वर्षे. खाली सहीच्या जागी एक लहान वर्तुळ होते आणि त्यापुढे शब्द, 'निशाणी बांगडी'. लिहिता न येणारा शेतकरी नांगराची खूण करी, बायका बांगडीची करीत. या बाईच्या हातात तेरा वर्षे बांगडी नव्हती. खूण मात्र तीच.

परतीच्या गाडीत मी वकिलासारखा विचार करण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वाक्य कथेला छेद देत होते. शिलेदार नव्हे, बारगीर. शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीला येतो, बारगीर पागेच्या घोड्यावर बसतो. म्हणजे घोडाही आपला नव्हता. जखमी होऊन नदी उतरून आले ते नव्हे, आलेच नाहीत ते. आणि मूळ पुरुष म्हणतो तो रक्ताने आमचा कोणीच नाही. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ३२ पोटकलम ५ माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले: नातेसंबंधाबद्दल मृत व्यक्तीने वाद निर्माण होण्यापूर्वी केलेले कथन ग्राह्य असते. कलम ९०: तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर तो खरा मानता येतो. जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आहे, क्रमांक बदलले आहेत, तत्त्व तेच आहे. या बाईला खोटे सांगण्याचे काही कारण नव्हते. समोर संगम, हाताशी पोर, आणि ऐकणारा उपाध्याय. असा साक्षीदार मला वीस वर्षांत मिळाला नाही.

दत्तकाबद्दल शंका घ्यायला जागा होती, आणि ती मी घेतलीही. विधवेने आपल्याच भावाचा मुलगा घ्यावा की नाही यावर दत्तकमीमांसेत नंदपंडिताचा आक्षेप आहे. पुढे न्यायालयांनी तो मानला नाही. नवऱ्याची परवानगी? बंगाली विधवेला ती लागे, मिथिलेच्या विधवेला ती असूनही उपयोग नसे; महाराष्ट्राच्या संप्रदायात विधवेला नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर दत्तक घेता येई, आणि कुटुंब दुसऱ्या मुलखात गेले तरी आपला कायदा बरोबर नेते. तेव्हा लांजीच्या बाजूच्या एका बारगिराच्या विधवेने केलेले दत्तविधान कायदेशीर होते. त्याला कोणी हरकत घेतली नाही, बंदोबस्ताच्या साहेबाने ते निमूटपणे रकान्यात उतरवून घेतले. आणि त्याच मुलखाच्या राजघराण्यात काय झाले? तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. वृद्ध बांकाबाई आणि राण्या यांनी यशवंतराव अहिररावांच्या हातून उत्तरक्रिया करविली, त्यांना दत्तक घेतले. डलहौसीने ते मानले नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. ज्या भोसल्यांसाठी बारगीर पडला त्यांचा वंश कागदावर तुटला, बारगिराचा चालला. दत्तक आलेल्या त्या भोसल्यांना पुढे देऊरचे राजे बहादूर ही पदवी मिळाली, राज्य मिळाले नाही.

हे सर्व ठीक होते, परंतु दगडावर काय लिहायचे? आणि वडिलांना सांगायचे की नाही? भाऊ म्हणाला, "दादा, त्यांचे वय पाहा. आई गेल्याला दोन महिने झाले नाहीत. लिहून टाक शिलेदार. कोण तपासायला येणार आहे?" त्याचे खरे होते. कोणी येणार नव्हते. मी दोन दिवस तसा मजकूर लिहूनही पाहिला. अक्षरे चांगली बसत होती. परंतु पाचव्या नावाबद्दल मी ज्यांना ज्यांना दटावले होते ते सारे पक्षकार माझ्या कागदाभोवती येऊन उभे राहिल्यासारखे वाटू लागले.

शेवटी एका संध्याकाळी, वडील अंगणात बसले असताना, मी त्यांना छायाचित्र दाखविले आणि ओळ न ओळ वाचून दाखविली. त्यांनी मध्ये एकदाही अडविले नाही. शाळेत मुलगा चुकीचे उत्तर देत असतानाही ते तो संपेपर्यंत थांबत. मग म्हणाले, "मग ही तलवार कोणाची?"

मला याचे उत्तर नव्हते. बारगिराचे हत्यार पागेकडे परत जायचे. तलवार पुढे कोणी विकत घेतली असेल, कोणाच्या सोयरिकीत आली असेल. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर ती धान्याच्या कोठीत गेली, एवढेच आजोबांच्या तोंडून मी ऐकले होते. मी म्हणालो, "सांगता येत नाही, बाबा."

"एवढा शिकलास आणि तलवार कोणाची ते सांगता येत नाही." ते उठून आत गेले. त्यानंतर महिना-दीड महिना त्यांनी या विषयाचा शब्द काढला नाही. माझ्याशी बोलत, परंतु पेन्शनबद्दल, औषधाबद्दल, माझ्या मुलाच्या गणिताबद्दल. पाथरवटाचा फोन आला की तो मला देत. मला अनेकदा वाटले की आपण चूक केली. सत्य सांगण्याचा अधिकार आपल्याला असतो, पण ऐंशी वर्षांच्या माणसाकडून त्याचा पूर्वज काढून घेण्याचा असतो काय? न्यायालयात हा प्रश्न येत नाही. तेथे निकाल लागला की दोन्ही पक्ष आपापल्या बसने घरी जातात. येथे दोन्ही पक्ष एकाच ताटाला बसत होते.

पितृपक्षात त्यांनी मला हाक मारली. आईचे श्राद्ध नुकतेच झाले होते. त्यांच्या हातात दगडाच्या मजकुराचा माझा जुना कागद होता. "त्या बाईचे नाव काय होते?" त्यांनी विचारले.

"वहीत नाही. अमक्याची स्त्री, एवढेच आहे."

"मिसलीत?"

"मिसलीत बायकांची नावे कोठली, बाबा! मुलाचे आहे, बापाचे आहे."

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपण तिच्या भावाचे. तिच्या माहेरचे." आणि थोड्या वेळाने, "सत्तावीस-अठ्ठावीसची असेल रे ती, नवरा गेला तेव्हा. कदाचित लहानच. ती चार शेते तिनेच राखली असतील ना?"

मी म्हणालो, "पोर तेव्हा जन्मलेही नसेल. दुसरे कोण राखणार?"

त्यांनी खिशातून पेन काढले. शिलेदार या शब्दावर काट मारली. वर बारगीर लिहिले, पुन्हा खोडले आणि स्वार लिहिले. "घोडा कोणाचाही असो, बसला होता तो," ते म्हणाले. आमचे मूळ पुरुष ही ओळ त्यांनी सरळ काढून टाकली. सीताबर्डी, १८१७, येथे पडले, एवढे ठेवले. त्याखाली 'व त्यांची पत्नी' असे लिहून ते थांबले. नाव नव्हते. मग वहीतल्यासारखे एक लहान वाटोळे त्यांनी काढले; हात कापत असल्यामुळे ते नीट मिळाले नाही, तर त्यावरून पुन्हा एकदा पेन फिरविले.

कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी पाथरवटाकडे गेलो. त्याने बोटाने अक्षरे मोजली, हिशेब सांगितला, आणि खालच्या ओळीशी येऊन चष्मा वर केला.

"वकीलसाहेब, हे शून्य कशाचे? याच्या मागचे आकडे राहिले काय?"